हरवलेल्या महिन्यांचं देणं

धाकटी बहीण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आधी झोप उडाली, मग ती भिंतीशी बोलू लागली, त्यानंतर आकडी आली. नात्यातलं कुणी वेड म्हणालं, कुणी बाहेरची बाधा. न्यूरॉलॉजीच्या एका निवासी डॉक्टरबाईंनी मात्र तिच्या मणक्यातलं पाणी तपासायला पाठवलं. त्यात एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या.

रात्रपाळी संपवून त्या आईजवळ बाकावर बसल्या. "काकू, ही बाधा नाही, आजार आहे," म्हणाल्या आणि केसपेपरच्या पाठीवर त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. ग्लुटामेट हे अमिनो आम्ल एका चेतापेशीचा निरोप दुसरीला देतं. पण हा रिसेप्टर एकट्या ग्लुटामेटने उघडत नाही. बँकेच्या लॉकरसारख्या दोन किल्ल्या लागतात. दुसरी ग्लायसिनची किंवा डी-सेरिनची. शिवाय आतल्या वाटेत मॅग्नेशियम अडून बसलेलं असतं. पेशी आधीच उत्तेजित असेल तरच ते हटतं, कॅल्शियम आत शिरतं आणि दोन पेशींमधला सांधा बळकट होतो. शिकलेलं टिकतं ते बरंचसं यामुळे. बहिणीच्या अँटिबॉडींमुळे हे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जात होते.

"अँटिबॉडी कमी झाल्या की रिसेप्टर परत वर येतात." या एका वाक्यावर आम्ही पुढचे महिने काढले. या अँटिबॉडींना कारण ठरलेली बीजांडकोशातली गाठ काढली, स्टेरॉइड दिली, प्लाझ्मा बदलला. एका सकाळी तिने आईला हाक मारली.

नंतर मी मिळेल ते वाचत गेले. १९५९मध्ये कर्टिस, फिलिस आणि वॉटकिन्स कॅनबेरात मज्जारज्जूच्या पेशींवर ग्लुटामेट सोडून पाहत होते. ज्या एनएमडीएवरून रिसेप्टरला नाव मिळालं, ते पुढे वॉटकिन्सनीच प्रयोगशाळेत बनवलं. १९८३मध्ये कॉलिंगरिज यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातले हे रिसेप्टर रोखले, तेव्हा सांधे बळकट होईनात. आणि २००७मध्ये जोसेप डालमाऊ यांनी १२ स्त्रियांमधला हा आजार ओळखला. बहीण त्याआधी आजारी पडली असती, तर तिच्या आजाराला नावच मिळालं नसतं. ही सगळी माणसं मला घरच्यांइतकी जवळची वाटतात.

बहिणीला ते महिने आठवत नाहीत. या आजारातून उठलेल्या अनेकांचं असंच होतं. आठवण जिथे घडते तिथेच घाव असतो. डॉक्टरबाईंचा चेहराही तिला आठवत नाही, म्हणून दर दिवाळीला त्यांना फोन मी करते. यंदा तिने तो माझ्या हातातून घेतला, "नमस्कार मॅडम" म्हणाली आणि विचारू लागली, "मी तेव्हा काय काय बोलत होते हो?"