हृदयावरचा वण

दसरा झाला की परळीच्या रस्त्यांवरून ऊसतोड टोळ्या निघू लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, ताडपत्री, शेळी, पोरं. याच दिवसांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न दरवर्षी येतो. "सायब, आता छातीत दुखत न्हाई. मुकादमाची उचल घेतलीया. फडावर गेलं तर चालंल का?" विचारणाऱ्याला झटका येऊन जेमतेम बारा दिवस झालेले असतात.

दुखत नाही, हे खरं असतं. मेलेला स्नायू दुखत नाही.

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की पलीकडचा स्नायू २० ते ४० मिनिटांतच मरू लागतो आणि सहाएक तासांत त्यातला बराचसा जातो. म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितक्या लवकर, तितका स्नायू वाचतो. छातीत कळ आली की १०८ला फोन करा, 'पित्त असेल' म्हणून सकाळची वाट बघू नका, हे मी इथं पुन्हा सांगतो. पण त्यानंतरच्या दिवसांबद्दल आम्ही डॉक्टर फारच कमी बोलतो.

मेलेल्या पेशी फुटतात, आतला ऐवज सांडतो आणि शरीर ती धोक्याची हाक समजतं. जंतू एकही नसतो, तरी काही तासांत पांढऱ्या पेशींची फौज येऊन पोचते. आधी येणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी साफसफाई करतात, पण त्या धुमश्चक्रीत शेजारच्या जिवंत स्नायूलाही इजा करतात. मागोमाग भक्षक पेशी येतात. त्या राडारोडा गिळतात आणि मग दुरुस्तीचे निरोप धाडतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास हृदयाची भिंत सगळ्यात नाजूक असते: जुनं काढून झालंय, नवं अजून ओलं आहे. क्वचित ती फुटते, आणि तेव्हा हातात फार काही उरत नाही. पक्का वण धरायला सहा ते आठ आठवडे लागतात.

पांढऱ्या पेशींची ही धुमश्चक्री म्हणजेच सूज. मग ती सूजच दाबून टाकली तर? हा मोह आमच्या शास्त्रालाही झाला होता. १९७०च्या दशकात झटक्यानंतर जोरदार स्टिरॉइड देऊन पाहिली गेली. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इजा कमी होण्याऐवजी वाढलेली आणि ठोके बिघडलेले दिसले. अंगदुखीसाठी मेडिकलवरून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या काळात मी कटाक्षानं बंद करतो, ते याच भीतीपोटी. शिवाय या गोळ्यांनी दुसऱ्या झटक्याचा धोकाही वाढतो. ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी. ती गुठळी होऊ नये म्हणून असते, ती सोडायची नाही.

पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची. तिच्यात कोल्चिसिन असतं, गाउटची सूज उतरवणारं जुनं औषध. झटक्यानंतर ते रोज ०.५ मिलिग्रॅम दिलं, तेव्हा २०१९च्या ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत पुढचे हृदयविकाराचे प्रसंग कमी झाले. २०२४मध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. मला यात निराशा वाटत नाही. सूज कधी आवरायची आणि कधी तिला काम करू द्यायचं, हा खरा प्रश्न अजून उलगडायचाय. (कळलावीचा कंद मात्र जहाल विषारी आहे. कुणी उगाळून प्यायला सांगितला तर ऐकू नका.)

गेल्या वर्षी अशाच एका ऊसतोड कामगाराला मी थांबवलं. उचलीचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी त्याचा भाऊ त्याच्या जागी कोयता घेऊन गेला. आठ आठवड्यांनी रुग्ण बायकोला घेऊन तपासणीला आला. ती म्हणाली, "वरची जखम भरली की दिसती. ह्येची आतली भरली का, कसं कळायचं?"

मी तिला इकोच्या पडद्यासमोर बसवलं. सगळं हृदय आकुंचन पावत होतं, खालच्या बाजूची एक पातळ, पांढुरकी पट्टी तेवढी जागच्या जागी होती. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो वण का?"

"हो ताई. आता धरलाय."

ती बराच वेळ शेजारचा हलता भाग बघत राहिली.