गुंजवण्याची पंगत

निमगांव केतकीच्या माणसाला डोंगराचें अप्रूप फार. आमच्या इंदापूर तालुक्यांत नजर टाकावी तिकडे सपाट माळ; त्यांत नागवेलीचे मळे, आणि अलीकडे डाळिंबें व द्राक्षें. गेल्या मार्गशीर्षांत घरांतील तरुण मंडळींनीं राजगडाचा बेत ठरविला आणि 'काका, तुम्हीही चलाच' असा आग्रह धरला, तेव्हां वयाचा व गुडघ्यांचा विचार बाजूस सारून आम्हीं होकार दिला.

या प्रवासाच्या आधीं घरांत एक वाद माजला होता. तो सांगितल्यावांचून पुढील हकीकत वाचकांस कळावयाची नाहीं. पाटसपासून बारामती-इंदापुरावरून अकलूजकडे जाणाऱ्या पालखीमार्गाचें भूमिपूजन २०२१ सालच्या नोव्हेंबरांत झालें. आमच्या एकत्र कुटुंबाची जमिनीची एक पट्टी त्या रस्त्यास लागून आहे. पुतण्याची पत्नी मोठी हिकमती. तिनें एका रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांसमक्ष विचारलें, ''काका, त्या पट्टींत घरगुती जेवणाची खानावळ घातली तर?'' आम्ही ताडकन् बोलून गेलों, ''या घरांत शिजविलेलें अन्न विकावयाचें नाहीं!'' ती गप्प बसली. पुतण्याही कांहीं बोलला नाहीं. पण चार दिवस त्याचें आमच्याशीं बोलणें कामापुरतेंच होतें.

शब्द आमचे नव्हते, कैलासवासी मातुःश्रींचे होते. आषाढी वारींत तुकाराम महाराजांची पालखी बेलवाडीचें रिंगण मागें टाकून अंथुर्ण्याहून आमच्या गांवीं मुक्कामास येते. त्या दिवशीं मातुःश्रींची चूल पहांटे पेटे ती मध्यरात्रीं विझे. पिठलें, भाकरी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा आणि शेवटीं मळ्यांतलें पान. एखाद्या वारकऱ्यानें संकोचून पैसा पुढें केला, तर त्या हात मागें घेऊन म्हणत, ''पांडुरंगाला हिशेब द्यावा लागेल हो मला!'' आणि हीच आमची माउली स्वतः प्रवासास निघाली म्हणजे दशम्या व मेतकुटाची पुरचुंडी बरोबर घेई. परक्याच्या चुलीवरचें अन्न तिनें जन्मांत खाल्लें नाहीं. दुसऱ्यास वाढण्यांत सोवळें आड येत नसे, दुसऱ्याचें घेण्यांत मात्र येई! ती रूढि गेली, ही गोष्ट चांगलीच झाली असें आमचें स्पष्ट मत आहे.

असो. आम्ही सातजण पहांटेच गुंजवण्यास पोंचलों. गांव राजगडाच्या अगदीं पायथ्याशीं. चोरदरवाज्याची वाट येथूनच पद्मावती माचीवर चढते. वर जाण्यापूर्वी एका घरीं जेवण सांगून ठेवावयाचें आणि उतरून आल्यावर अंगणांत पंगत धरावयाची, असा येथील शिरस्ता. सिंहगडावरचें पिठलें-भाकरी व मडक्यांतलें दहीं पुणेकरांना पिढ्यान्-पिढ्या ठाऊक आहे. पण तेथें विक्रेता व गिऱ्हाईक असा व्यवहार असतो. गुंजवण्यास मात्र एखाद्या घरीं पाहुणा म्हणून आल्यासारखें वाटतें. आतां तेथेंही नूडल्स मिळूं लागल्या आहेत. पोरांनीं त्यांची चौकशी केली, आम्हीं डोळे वटारले, आणि सात ताटें पिठलें-भाकरीचीं सांगून आम्ही चढूं लागलों.

गडाचें वर्णन आम्ही करीत नाहीं. ज्या गडानें पाव शतक शिवछत्रपतींची राजधानी मिरविली आणि २०२५ च्या जुलैंत ज्याची गणना जागतिक वारशांत झाली, त्याचें वर्णन करण्यास गो. नी. दांडेकरांची लेखणी हवी. आमच्या वांट्यास धाप लागणें तेवढें आलें. दोन वाजतां उतरूं म्हणून सांगितलें होतें, ते साडेचारांस उतरलों.

अंगणांत पाऊल टाकलें तों चूल पेटलेलीच होती. घरची बाई चाळिशीची असेल. आम्हांस उशीर झाला म्हणून तिनें एक शब्द काढला नाहीं. तांब्याभर पाणी पुढें केलें आणि भाकऱ्या थापावयास बसली. आमच्याकडे भाकरी ज्वारीची. ही तांदळाची, पांढरीशुभ्र आणि कागदासारखी पातळ. पिठल्यांत लसूण सढळ हातानें. वर भात, कांद्याच्या फोडी आणि ठेचा. कोणीही 'पुरे' म्हटल्यावांचून तिचा हात थांबला नाहीं. मातुःश्रींच्या पश्चात् इतक्या आग्रहानें आम्हांस कोणी वाढल्याचें स्मरत नाहीं.

आणि इतकें झाल्यावर आम्हीं काय करावें? माणशीं १५० प्रमाणें तिनें १०५० रुपये सांगितले. आम्हीं हजाराची गोष्ट काढली. एवढ्यावर थांबतों तरी बरें होतें. पण जिभेला हाड नाहीं. आम्ही म्हणालों, ''आमच्या गांवीं पालखीला हजारों माणसें जेवतात, बाई. कोणी कोणाकडून पैसा घेत नाहीं.''

ती रागावली नाहीं. परातींतलें पीठ निपटतां निपटतां म्हणाली, ''बाबा, तुमच्याकडं पालखी वरसाला एक डाव येती. आमच्याकडं दर शनवारी येती.''

आमची मान खालीं गेली. सूनबाई तेथेंच होती. तिनें आमच्याकडे पाहिलेंही नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. मग त्या बाईशीं तीच बोलत बसली. पावसाळ्यांत भाताचें एक पीक निघतें, पुढें शेत रिकामें. घरधनी पुण्यास नोकरीला. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या या पंगतींवर मुलीचें शिक्षण चालतें. आणि सरपण आणावयाचें तें डोक्यावरूनच. आम्हीं १०५० रुपये मोजून दिले. आमच्या कुटुंबानें पिशवींतून घरच्या पानांची एक कवळी काढून तिच्या हातीं ठेवली, तेव्हां ती घरांत गेली आणि पदरांत पायलीभर नवे तांदूळ घेऊन आली. त्यांची किंमत विचारण्याचें धैर्य आतां आमच्यांत नव्हतें, आणि तिनेंही ती सांगितली नाहीं.

परततांना मोटारींत भाच्यानें नेपाळची गोष्ट काढली. एव्हरेस्टच्या वाटेवर नामचे बाजारपर्यंत तो जाऊन आला आहे. तेथें वाटसरूस खोली नांवाच्या भाड्यानें मिळते, पण जेवण त्याच घरीं घ्यावें असा रिवाज. आणि जसजसें वर जावें तसतशी वरणभाताची किंमत चढते, कारण तांदूळ माणसांच्या व याकांच्या पाठीवरून वर जातात. मात्र ताट सरेपर्यंत वाढावयास कोणी कुचराई करीत नाहीं. ''मग तेथें तूं घासाघीस केलीस काय?'' असें सूनबाईनें त्यास विचारलें. तो बाण कोणासाठीं होता हें सर्वांस कळलें. आम्ही खिडकीबाहेर पाहूं लागलों. बाहेर गुंजवणी वाहत होती. ही नदी पुढें नीरेस मिळते, आणि नीरा आमच्याच तालुक्यांत नरसिंगपुरास भीमेला. त्या बाईच्या वाफ्यांतून उतरणारें पाणी आमच्या शिवेवरून जातें, हें आम्हीं शाळेच्या भूगोलांत पाठ केलें होतें.

घरीं आल्यावर दोन दिवस आम्ही गप्प होतों. मातुःश्रींचे शब्द खोटे होते काय? तसें वाटेना. पण त्यांच्या त्या एका दिवसाचा खर्च वडिलांच्या वकिलीवर आणि मळ्याच्या उत्पन्नावर चाले, ही गोष्ट तोंपर्यंत आमच्या ध्यानांत कधीं आलीच नव्हती. तिसऱ्या रात्रीं आम्हीं सूनबाईस हांक मारली व म्हटलें, ''पालखीच्या दिवशीं पैसा घ्यावयाचा नाहीं, एवढें माझें ऐक. बाकीचे दिवस तुझे.'' ती म्हणाली, ''काका, तें मीं पहिल्याच दिवशीं कागदावर लिहून ठेवलें आहे. आपण कागद पाहिलाच नाहींत.''

पट्टीवर आतां पत्रे चढत आहेत. मातुःश्रींचें मोठें पितळी पातेलें माळ्यावरून खालीं काढलें. त्यास कल्हई करावयास माणूस मिळेना, म्हणून तें बारामतीस धाडलें आहे. दर काय ठेवावा यावर घरांत रोज चर्चा चालते, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांशीं बोलावयास काकांस बसवावें, अशी सूचना पुतण्यानें केली आहे.