कुमुद, त्या डॉक्टरांना हो सांग

मिरज

प्रिय कुमुद,

तुझं पत्र आलं. पोटदुखीसाठी तुझ्या मँचेस्टरच्या डॉक्टरांनी संमोहन उपचार सुचवला आणि तू ‘विचार करून सांगते’ म्हणत घरी आलीस, हे वाचलं. खाली तू विचारलंयस, “अगं, मी दुखण्याचं सोंग करतेय असं तर त्यांना वाटत नसेल ना?” याचं उत्तर लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

तुझं दुखणं शंभर टक्के खरं आहे. दुर्बीण झाली, रक्त तपासलं, आतड्याला सूज नाही, गाठ नाही, आणि निदान आलं आयबीएसचं. या आजारात आतडं दिसायला ठीक असतं, पण त्याचं आणि मेंदूचं आपसातलं बोलणं बिघडलेलं असतं. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढा गॅस तुझ्या मेंदूपर्यंत कळ होऊन पोचतो. बहुतेक गोळ्या आतड्यावर काम करतात, हा उपचार त्या बोलण्यावर काम करतो. एवढाच त्या डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ.

आणि गंमत बघ, या उपचाराचं माहेर तुझंच गाव आहे! मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्होरवेल यांनी १९८४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कशानेच गुण न आलेले आयबीएसचे ३० रुग्ण त्यांनी घेतले. काहींना संमोहन दिलं, बाकीच्यांना समुपदेशन आणि औषध नसलेल्या गोळ्या. दुसऱ्या गटाला थोडा आराम पडला, पण संमोहनाच्या गटाचं पोट दुखणं, फुगणं, शौचाच्या तक्रारी, सगळंच खूप सुधारलं. पुढे तिथे याचं मोठं केंद्र उभं राहिलं. तिकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही, वर्षभर औषधं घेऊन फरक न पडलेल्या रुग्णांसाठी हा उपाय सांगितलेला आहे.

याहूनही जुनी गोष्ट तुझ्याच गावातली. १८४१ मध्ये तिथल्या जेम्स ब्रेड नावाच्या शल्यचिकित्सकाने मेस्मरच्या पंथातल्या एका माणसाचे प्रयोग पाहिले. शरीरातून चुंबकीय द्रव वाहतो वगैरे त्या पंथाचे दावे त्याने झटकून टाकले. नजर आणि लक्ष एका जागी खिळवलं की संमोहनाची अवस्था येते, हे त्याने स्वतः पडताळलं आणि १८४३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जादूटोण्याची जी भीती तुझ्या पत्रात दिसते, ती या विषयातून त्याने तेव्हाच काढून टाकायला घेतली होती.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे, आणि तो मला नेहमी अस्वस्थ करतो. ४ एप्रिल १८४५ रोजी बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या कंपनी सरकारच्या डॉक्टरने एका कैद्याची हायड्रोसीलची शस्त्रक्रिया केली. कैदी वेदनेने तळमळत होता. एस्डेलने मेस्मरची पद्धत फक्त वाचली होती, तरी त्याने अंगावरून हात फिरवण्याचा तो प्रयोग करून पाहिला, आणि माणूस शांत झाला. पुढे त्याने याच पद्धतीने मोठमोठ्या गाठी काढल्या. एकेका रुग्णाला तयार करायला तास तास लागत, म्हणून हे काम त्याचे देशी मदतनीस करत. सरकारने समिती नेमली, १८४६ च्या अखेरीस कलकत्त्यात त्यासाठी वेगळं रुग्णालयही निघालं. पण त्याच सुमारास बोस्टनमध्ये ईथर आलं, सुमारे वर्षभराने क्लोरोफॉर्म आलं, आणि काही मिनिटांत भूल चढू लागल्यावर हे सगळं मागे पडलं. त्या कैद्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायची सोय कुठली असणार? तुला आज समोर बसवून, समजावून विचारतात. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आता हे होतं कसं, ते सांगते. मॉन्ट्रियलमध्ये पिअर रेनव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. संमोहित माणसांचा हात ४७ अंशांच्या गरम पाण्यात ठेवून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. ‘हे कमी त्रासदायक वाटेल’ अशी सूचना दिली की मेंदूतला वेदनेचा त्रास जाणवून देणारा भाग थंडावत होता, उलट सूचना दिली की चेतत होता. ‘कुठे आणि किती भाजतंय’ याची नोंद ठेवणारा भाग मात्र तसाच राहिला. म्हणजे कळ आणि कळेने होणारी तगमग यांच्या मेंदूतल्या वाटा काही अंशी वेगळ्या आहेत, आणि शब्दांनी त्यातल्या एका वाटेवर जाता येतं.

हे वाचलं तेव्हा मला आपण दोघी नर्स होतो तो भाजलेल्यांचा वॉर्ड आठवला. ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की पोरं पट्टी सुटायच्या आधीच किंचाळायची. आणि आपल्या त्या थोरल्या सिस्टर! पोराला गावच्या जत्रेत घेऊन जायच्या. पाळण्यात बसव, वर गेल्यावर काय दिसतं विचार, गार वारा लागतोय का विचार, आणि तेवढ्यात हात चालव. पोर कण्हायचं, पण तडफडायचं नाही. त्यांनी संमोहनाचं शिक्षण घेतलं नव्हतं, पण माणसाचं लक्ष कुठे न्यावं हे त्यांना नेमकं कळत होतं. बोस्टनच्या एल्विरा लँग यांनी २००० साली हेच रीतसर तपासलं. जागेपणी रक्तवाहिन्यांवर आणि मूत्रपिंडावर उपचार होणारे २४१ रुग्ण होते. वेळ जाईल तशी इतरांची वेदना वाढत गेली, स्वसंमोहन शिकवलेल्यांची तेवढीच राहिली. त्यांना औषधही कमी लागलं. लँग यांनीच नंतर दाखवलं की ‘आता टोचेल हं, दुखेल हं’ म्हटल्याने दुखणं वाढतं. दुखणाऱ्या माणसाशी काय बोलावं हा उपचाराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत झालंय. नर्सिंगच्या प्रत्येक मुलीला हे पहिल्या वर्षीच शिकवायला हवं.

तुझ्या बाबतीत काय होईल? खुर्चीत आरामात बसशील, एका बिंदूवर नजर, मग डोळे मिटणं, संथ श्वास. हात पोटावर ठेवून त्याची ऊब आत पसरतेय अशी कल्पना करायला सांगतील, किंवा मनाशी एक नदी आणायला सांगतील, खळखळणारी, हळूहळू संथ होणारी. तू तुझी कृष्णा आण! तू झोपणार नाहीस, गुपितं सांगणार नाहीस, नको वाटलं तर डोळे उघडून उठू शकशील. अशा बैठका काही आठवडे चालतात. मधल्या दिवसांत रेकॉर्डिंग लावून घरी सराव करायचा, आणि खरा गुण या सरावात आहे.

सगळ्यांना सारखा फरक पडत नाही, हेही ऐकून ठेव. काहीजण पटकन रमतात, काहींना जमतच नाही, बहुतेक मधले असतात आणि त्यांनाही बऱ्यापैकी उपयोग होतो. चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नकोस. शौचातून रक्त गेलं, वजन उतरलं किंवा कळ वेगळीच वाटली, तर आधी डॉक्टर गाठ. आणि उपचार करणारी व्यक्ती दवाखान्यातली, वैद्यकीय किंवा मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेली हवी. जाहिरातीतली ‘एका बैठकीत मुक्ती’वाली नको.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहिलीस, कुमुद. आता कोणीतरी तुझ्या दुखण्याशी नीट बोलायला तयार आहे, तर बसू दे त्यांना तुझ्यापाशी. या आठवड्यात फोन करून वेळ घे, पहिल्या दिवशी लेकीला बरोबर ने, आणि बैठकीत तुझ्या मनात काय काय आलं ते मला सविस्तर लिही.

तुझी,
शालन

ता. क. : जवसाची चटणी कुरियरने पाठवतेय, पण पोटाला मानवली तरच खा.