कायद्यासाठी सह्या का गोळा करते

प्लास्टिकबंदीसाठी निवेदनं द्यायची, आमदारांना गाठायचं, यावर माझा बरीच वर्षं विश्वास नव्हता. सवय घरातून बदलते, सरकारच्या धाकाने नाही, असं मी मनापासून मानायची. म्हणून शहापूर तालुक्यातल्या आमच्या आसनगावात बचत गटातल्या बायकांबरोबर जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, बाजारात वाटल्या, शाळांमध्ये जाऊन बोलले. हे काम मला आजही तितकंच प्रिय आहे. पण तेवढ्याने भागेल, असं आता वाटत नाही.

२३ मार्च २०१८ला राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत संपली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्याच वेळेला ५,००० रुपये. त्या पावसाळ्यात आसनगाव स्टेशनबाहेर मी जे पाहिलं, त्याने मला विचारात पाडलं. लोकलमधून उतरणाऱ्यांच्या हातात कापडी पिशव्या होत्या. भाजीवाल्या आधी विचारायच्या, "पिशवी आणलीय ना?" मासळी घ्यायला माणसं घरून डबा आणत होती. आम्ही इतकी वर्षं समजावून जे झालं नव्हतं, ते काही दिवसांत झालं. पुढे किरकोळ विक्रेत्यांना मालाच्या वेष्टनापुरती सवलत मिळाली, तपासणीही सैल पडली आणि पातळ पिशव्या हळूहळू परत आल्या. माणसं तीच होती. नियमाचा जोर तेवढा ओसरला होता.

उरलेली शंका एका करवंदवाल्या बाईने फेडली. उन्हाळ्यात माहुलीच्या बाजूच्या पाड्यांवरून ठाकूर, कातकरी बायका करवंदं, जांभळं घेऊन येतात. पळसाच्या पानाचा द्रोण, त्याला काडी टोचलेली. त्या द्रोणासकट फळं प्लास्टिकच्या पिशवीत जायची. मी तिला म्हटलं, पिशवी देऊ नकोस. ती म्हणाली, "ताई, मी नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारणीकडं जातं. सगळ्याच थांबल्या तर मीबी थांबंल."

सगळ्यांनी एकदम थांबणं कुणा एकीच्या हातात नसतं. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाचंच गिऱ्हाईक तुटत नाही. कायद्याची गरज मला तिथे पटली. आणि दंड करायचाच तर तो टोपलीपाशी नव्हे, पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यापाशी आणि घाऊक व्यापाऱ्यापाशी व्हायला हवा, हेही पटलं.

१ जुलै २०२२पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ बंद झाले. त्याच वर्षअखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांनाही मनाई झाली. पण वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या बंदीच्या यादीत नाहीत. त्यांचा कचरा कंपन्यांनी गोळा करावा, असं नियम सांगतो. पाड्यावर मात्र तो न्यायला कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही. तो परसात जळतो, नाहीतर पहिल्या पावसात ओढ्याला लागतो. ओढ्याचं पाणी भातसा नदीत जातं आणि भातसेचं उल्हास नदीत.

म्हणून आता पिशव्या शिवता शिवता मी सह्याही गोळा करते. मागण्या तीन आहेत. बंदी घातलेल्या पिशव्यांचं उत्पादन कारखान्यातच थांबवा. पुड्या आणि पाकिटं विकणाऱ्या कंपन्यांना गावपातळीवर कचरा उचलायला लावा, आणि जे उचलता येत नाही ते विकायलाही बंदी करा. सरकारी कार्यक्रमांत पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण वापरा, ते इथल्या बायकांकडून रास्त भावाने घ्या.

यासाठी ग्रामसभेत ठराव मांडायला लागतो, तहसील कचेरीत पुन्हा पुन्हा जावं लागतं. ते मी करणार आहे. शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक मतदाराला माझं कळकळीचं सांगणं आहे: मत मागायला येणाऱ्याला रस्त्याबद्दल, पाण्याबद्दल विचारतो, तसं याबद्दलही विचारा. उत्तर चारचौघांत घ्या, आणि निवडून आल्यावर त्याची आठवण करून द्यायला सोबत या.