चोनाच्या दुकानाचं देणं

जेम्स मॅकब्राइड हे नाव मला प्रथम भेटलं ते ‘द कलर ऑफ वॉटर’ या त्याच्या आत्मकथनात. पोलंडमधून अमेरिकेत आलेल्या रब्बाईची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची, मुलगी घर सोडते, कृष्णवर्णीयाशी लग्न करते, बारा मुलं वाढवते. त्यांतला आठवा हा लेखक. त्या वेळी मी बँकेत नवखा होतो. एका कष्टाळू आईची गोष्ट म्हणून मी पुस्तक वाचलं आणि मिटलं. त्यात व्हर्जिनियातल्या सफोक गावी त्या रब्बाईचं किराणा दुकान आहे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना तो चढ्या भावाने माल विकायचा, वर त्यांनाच तुच्छ लेखायचा. पोलिओने अपंग झालेली त्याची बायको त्याच घरात होती. तिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

पुढे कर्ज-विभागात मुरलो. माणूस परतफेड करील का, एवढंच बघायची सवय लागली. गावी आत्याचं छोटं दुकान होतं. तिची उधारीची वही पाहून मला हसू यायचं. मनाने चांगली, पण हिला व्यवहार कळत नाही, असं माझं पक्कं मत होतं.

2023 मध्ये मॅकब्राइडची ‘द हेवन अँड अर्थ ग्रोसरी स्टोअर’ ही कादंबरी आली. पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सटाउन गावची चिकन हिल ही वस्ती, काळ 1920-30 च्या दशकांतला. बरे दिवस आलेले ज्यू टेकडी उतरून गावात राहायला जातायत. त्यांतल्या मोशेलाही जायचंय, पण लंगडत चालणारी त्याची बायको चोना ठाम नकार देते. तिचं दुकान तोट्यात आहे, कारण शेजारच्या कृष्णवर्णीयांची उधारी ती वसूलच करत नाही. वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅनच्या मोर्च्यात बुरख्याआडचा डॉक्टर ती त्याच्या लंगडण्यावरून ओळखते आणि वर्तमानपत्राला पत्र लिहून त्याचा निषेध करते. डोडो या अनाथ, बहिऱ्या मुलाला सरकारी माणसं पेनहर्स्ट या मतिमंदांच्या संस्थेत न्यायला बघतात, तेव्हा ती त्याला लपवते. बर्निस ही तिची शेजारीण. दोघींचं वर्षानुवर्षं बोलणं नाही. तरी बर्निस डोडोला आपल्या पोरांच्या घोळक्यात मिसळून टाकते. या प्रसंगाशी मी बराच वेळ थांबलो. वहीत ज्याची नोंद होत नाही असं देणं-घेणं असतं, हे मला इतक्या उशिरा, तेही परक्या मुलखातल्या गोष्टीतून उमगलं.

पेनहर्स्ट काल्पनिक नाही. 1908 मध्ये सुरू झालेली ही संस्था 1987 मध्ये बंद पडली. 1968 मध्ये तिथल्या मुलांचे हाल दूरचित्रवाणीवर दिसले होते. विद्यार्थिदशेत मॅकब्राइडने पेनसिल्व्हेनियातच अपंग मुलांच्या उन्हाळी शिबिरात काम केलं. त्या शिबिराचे संचालक साय फ्रेंड यांना त्याने ही कादंबरी अर्पण केली आहे. म्हणजे हे पुस्तकही एका ऋणातूनच आलेलं.

कादंबरी ऐसपैस आहे. पात्रांची गर्दी होते, शेवटाकडचा पाण्याच्या नळाचा खटाटोप मला लांबलेला वाटला. पण तिथला एकोपा गोडगोड नाही, हे मोलाचं. ज्यू आपसांत भांडतात, शेजाऱ्यांना एकमेकांचा पूर्ण भरवसा नसतो. शेवटी पेनहर्स्टमध्ये अडकलेल्या डोडोला सोडवायला ज्यूंची मदत होते, पण जीव धोक्यात घालून आत शिरतो तो त्याला सांभाळणारा कृष्णवर्णीय नेट टिम्बलिन.

मग मी ‘द कलर ऑफ वॉटर’ पुन्हा काढलं, आणि या वेळी रब्बाईची ती अपंग बायको, लेखकाची आजी, दिसली. नवऱ्याच्या धाकात खचून गेलेल्या त्या बाईला नातवाने चोनाच्या रूपात स्वतःचं दुकान दिलं, आवाज दिला आणि जीव टाकणारे शेजारी दिले, असं मला वाटतं. आत्या आता नाही. तिच्या वहीत कुणाकुणाची नावं तिने मुद्दामच लिहिली नव्हती, हे विचारायचं राहून गेलं.

वाचणार असाल तर आधी ‘द कलर ऑफ वॉटर’ वाचा, मग ही कादंबरी. आणि त्या आजीची पानं घाईने उलटू नका.