कामाच्या दिवशींचा स्वयंपाक आणि सोया सॉस

परदेशीं बिऱ्हाड केलें म्हणजे संध्याकाळच्या स्वयंपाकाचा प्रश्न किती बिकट होऊन बसतो, हें ज्या वाचकभगिनींनीं अनुभवलें असेल त्यांना आमचें म्हणणें सहज पटेल. टोकियो शहराच्या एदोगावा विभागांत निशी-कासाई नांवाचा भाग आहे; तेथें भारतीय लोकांची वस्ती बरीच मोठी. आम्ही दोघी जावा तेथें एकाच इमारतींत वर-खालीं राहतों, आणि सोमवारपासून शुक्रवारपर्यंत दोन्ही बिऱ्हाडांची चूल एकच असते. दोघीही नोकरी करतों. घरीं येतों तों सात वाजलेले असतात, मुलें भुकेनें कावलेलीं असतात, आणि आठ माणसांच्या पोळ्या लाटण्याचें त्राण दोघींपैकीं एकीच्याही अंगीं उरलेलें नसतें.

अशा दिवसांत शेजारच्या जपानी बाईंच्या ओट्याकडे आमचें लक्ष गेलें. मिठाला त्यांचा हात क्वचितच लागे. सोया सॉसची बाटली मात्र सदैव जवळ. जपानींत त्याला 'शोयू' म्हणतात. वीस मिनिटांत त्यांचीं तीन ताटें तयार झालेलीं पाहून आम्हींही ती बाटली घरांत आणली, आणि त्याच आठवड्यांत सासूबाई पुण्याहून आल्या.

त्यांना रक्तदाबाचा विकार आहे आणि आचारही त्यांनीं कधीं सोडलेला नाहीं. बाटली उजेडाकडे धरून त्यांनीं विचारलें, "अग, हें काळें पाणी कशाचें? माशाचें तर नव्हे?" आम्हांस तेव्हां खात्रीनें सांगतां येईना. "मग कळेपर्यंत मला आपला दहीभात बरा," असें म्हणून त्या ताट घेऊन वेगळ्या बसल्या. चार दिवस सबंध घर एका पंक्तीला आणि वडील माणूस बाजूला, हें आम्हांस पाहवेना. मग आम्ही चौकशीच्या मागें लागलों.

शोयूंत मूळ पदार्थ चारच: सोयाबीन, गहूं, मीठ व पाणी. शिजविलेलें सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहूं जवळजवळ सारख्या प्रमाणांत घेऊन त्यांवर 'कोजी' नांवाची बुरशी वाढवितात, मग तें मिश्रण मिठाच्या पाण्यांत कांहीं महिने मुरत ठेवून पिळून काढतात. धान्यांतील प्रथिनें त्यांत विघटित होतात व ग्लुटामेट उत्पन्न होतें. किकुनाए इकेदा या टोकियोच्या प्राध्यापकांनीं १९०८ सालीं 'उमामी' म्हणून जी चव ओळखली ती ह्याचीच. टोकियोजवळील नोदा येथें तर हा धंदा घराण्यांतून चालत आला, आणि १९१७ सालीं तेथील कारखानदार घराण्यांनीं एकत्र येऊन एक कंपनी काढली. एकत्र कुटुंबाचा हा प्रकार सासूबाईंना फार आवडला. बुरशी मात्र आवडली नाहीं. "लोणच्यावर दिसली तर बरणी फेंकतां, आणि ही विकत आणतां होय?" परंतु कुरडयांसाठीं गहूं तीन दिवस भिजत घालून आंबवितात, त्याची आठवण त्यांनाच झाली व तो मुद्दा मिटला.

माशाची शंका मात्र अगदींच निराधार नव्हती. शुद्ध शोयूंत मासा नसतो. पण त्याच फळीवर 'मेंत्सुयू' आणि 'दाशी-शोयू' अशा हुबेहूब दिसणाऱ्या बाटल्या असतात, आणि त्यांत बहुधा 'कात्सुओ' म्हणजे सुकविलेल्या माशाचा अर्क घातलेला असतो. तें एक अक्षर आम्ही आधीं ओळखायला शिकलों. 'मिरिन' हें तांदुळाचें गोड मद्य; तें घरांत आणलेंच नाहीं. शोयूंतही आंबतांना शेंकडा दोन-तीन भाग मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो. हें आम्हीं सासूबाईंपासून लपविलें नाहीं. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "द्राक्षासव घेतेंच कीं मी." चातुर्मासांत व एकादशीस तो वर्ज्य, एरवीं चालेल, असा त्यांनीं निकाल दिला.

राहिला रक्तदाब, आणि खरी काळजी तीच होती. एका मोठ्या, म्हणजे १५ मिलिलिटरच्या चमच्यांत सुमारें अडीच ग्रॅम मीठ असतें. जागतिक आरोग्य संघटना तर दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावें असें सांगते. म्हणून आमचा नियम असा, कीं ज्या पदार्थांत शोयू पडला त्यांत मिठाचा कण घालावयाचा नाहीं. रंगानें फिका असलेला 'उसुकुची' शोयू सौम्य वाटतो, पण तो गडद शोयूहून अधिक खारट असतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

सर्वांत उपयोगी पडतो तो सकाळचा थंड भात. मोठी आंच, तिळाचें थोडें तेल, आलें, बारीक चिरलेला कोबी, गाजर, फरसबी. भात मोकळा परतला कीं आठ माणसांना दोन मोठे चमचे शोयू कढईच्या तापलेल्या कडेनें सोडावा. कडेवर तो चर्रकन् करपतो व खमंग वास सुटतो. मधोमध ओतला तर भात नुसता ओला होतो. वरून लिंबू पिळलें म्हणजे कमी खारटपणा जाणवत नाहीं. तोफूला तर विस्तवही नको: थंड वडी, किसलेलें आलें, वर चार थेंब. पालक उकडून पिळावा, तीळ भाजून घालावे. गोड्या मसाल्याशीं मात्र शोयूचें मुळींच जमत नाहीं; आमटींत घालण्याचा मोह कोणीं धरूं नये.

भारतांतील भगिनींनीं विकत घेतांना चिठ्ठी वाचावी. कित्येक स्वस्त सॉस मुरवून केलेले नसतात. हायड्रोक्लोरिक ॲसिडनें प्रथिनें फोडून त्यांत कॅरॅमलचा रंग मिसळलेला असतो. बाटली लहान घ्यावी व उघडल्यावर फ्रीजमध्यें ठेवावी.

बुधवारचीं वांगीं आतां सासूबाईंकडे असतात. मिरिनच्या जागीं गूळ घालण्याची युक्ति त्यांचीच, आणि साखरेपेक्षां ती सरस ठरली आहे. शोयू त्या स्वतः चमच्यानें मोजतात. चमचा शिगोशीग भरला तर जास्तीचा बाटलींत परत ओततात, आणि मग सर्वांच्या आधीं पाटावर येऊन बसतात.