मिरिसाचा देवमासा

फेब्रुवारीत श्रीलंकेला गेलो, तेव्हा गॉलच्या मुक्कामातला एक दिवस देवमाशासाठी राखून ठेवला होता. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या अत्ती बोटीत बसतील का, हीच धास्ती. पण सौंदत्तीच्या यल्लम्माला निघाल्यासारख्या त्या पहाटे चारला अंघोळ करून तयार!

गॉलहून मिरिसा सुमारे ३५ किलोमीटर. रस्ता जवळजवळ समुद्राला धरूनच जातो. माडांमधून उजाडताना वेलिगामाची खाडी दिसली आणि कारवारची आठवण झाली. साडेसहाला बोट सुटली. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर इथे समुद्रतळ एकदम खोल जातो, म्हणून निळे देवमासे इतक्या जवळ येतात. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो म्हणे. 'शांत' म्हणजे काय ते आमच्या पोटांना कळलं! ह्यांनी तर तासभर डोकं वर काढलं नाही. अत्ती मात्र आल्याचा तुकडा चघळत खुशाल बसल्या होत्या.

दोन तासांनी लांबवर पाण्याचा उंच फवारा उडाला. मग करडी-निळी पाठ दिसली. ती सरकतच राहिली, संपेचना. दोन बस एकापुढे एक उभ्या केल्या तर होईल एवढी लांबी! सगळे एका अंगाला धावले. तेवढ्यात चार-पाच बोटी त्याच्याकडे सुसाट निघाल्या, एक तर थेट त्याच्या वाटेत आडवी गेली. शेपटी वर आली आणि देवमासा खाली गेला.

आमच्या नावाड्याने इंजिन बंद केलं. शंभर मीटरच्या आत जायचं नाही म्हणाला. लोक कुरकुरू लागले. खोटं कशाला सांगू, मीही म्हणाले, "थोडं जवळ घ्या ना, पैसे भरलेत." क्षितिजावर मालवाहू जहाजांची रांग होती. अशा जहाजांच्या धडकेने इथे देवमासे मरतात. २०२२ मध्ये एका मोठ्या कंपनीने आपल्या जहाजांची वाट आणखी दक्षिणेला नेली, हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. तरी तोंडातून गेलंच.

अत्ती त्या नावाड्याला सरळ कन्नडमध्ये म्हणाल्या, "साकु बिडप्पा. अदर मनीगे अदु होगली."

त्याला काय कळलं कोण जाणे, हसून त्याने बोट वळवली. मी गप्प बसले.

परतताना अत्तींनी खुणेनेच माशाचं नाव विचारलं. तो म्हणाला, "तल्मसा." आम्ही घरात देवमासा म्हणतो, अत्ती तिमिंगिल म्हणतात. पण 'मसा' ऐकून त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "इवरू निम्म कडेयवरेनु?"

फोटो एकच आला. घरी आल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "यात देवमासा कुठाय?" अत्तींनी चष्मा लावून एका करड्या रेघेवर बोट ठेवलं.